घोडपदेवच्या खोलीची वेबसाइट

वेबसाइट करून देणं हा माझा धंदा, पण घरचं काम म्हटलं की मला धडकी भरते. बाहेरचं गिऱ्हाईक निदान काय हवं ते सांगतं, मग ते रोज बदलेना का. घरचं गिऱ्हाईक 'तूच बघ गो, तुला त्यातलं कळतं' म्हणतं आणि नंतर प्रत्येक रंगाला नाक मुरडतं. त्यामुळे आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला आणि खोलीची वेबसाइट करायची आहे असं ते म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. तोंडाने अर्थात मी 'हो काका' म्हणाले. माझे वडील मुंबईत आले ते त्याच खोलीत. नाही म्हणायची सोयच नव्हती.

खोली म्हणजे गावकऱ्यांची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईत अशी एकेक खोली असायची. गावाहून आलेला गडी थेट तिथे जायचा, भिंतीला आपली पेटी लावायचा, पाळी संपवून आला की मिळेल त्या फटीत वळकटी पसरायचा. पुढे लग्न झालं, बिऱ्हाड थाटलं की त्याची पेटी हलायची आणि दुसऱ्याची यायची. आमच्या गावची खोली घोडपदेवला, एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. गिरण्या गेल्या, पेट्या गेल्या, खोली राहिली. आता तिथे कायमचे असे एकच आजोबा राहतात. त्यांना गावी करमत नाही आणि मुलाच्या डोंबिवलीच्या घरी तर त्याहून नाही.

अध्यक्षांनी मला पहिल्यांदा तिथे बोलावलं तेव्हा खरा पेच कळला. विरारहून येणारा आमचा एक सभासद आहे, माझ्याहून लहान, हुशार, तोंडाने फटकळ. त्याचं म्हणणं होतं की आजोबा सोडले तर खोली वर्षाचे बारा महिने रिकामी पडून असते, तर ती भाड्याने द्यावी आणि त्यातून गावच्या शाळेचं छप्पर करावं. त्याचं चूक नव्हतं. अध्यक्षांचंही चूक नव्हतं. त्यांचं म्हणणं, गावातली माणसं आजारपण घेऊन परळच्या इस्पितळांत येतात आणि रात्री बाहेर फुटपाथवर झोपतात. खोली तिथून जवळ, बसने थोडक्या वेळात पोचता येईल अशी. पुढच्या वार्षिक सभेत प्रस्ताव मांडायचं ठरलं होतं. तोवर माणसं खोलीत येऊ लागली तर खोली राहणार होती, नाहीतर जाणार होती.

फोन नंबर देऊन का भागत नाही, असं मी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, नंबर आहेच, कोणी करत नाही. मला ते लगेच पटलं, कारण मी त्याच गावची आहे. आमची माणसं 'येऊ का' असं विचारण्याआधीच समोरच्याची अडचण स्वतः कल्पून घेतात आणि फोन खाली ठेवतात. कोणापुढे तोंड उघडावं लागत नाही, असं काहीतरी हवं होतं. म्हणून वेबसाइट.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. आजोबा म्हणाले की खोलीत बायामाणसं राहत नाहीत, पूर्वीपासूनची रीत आहे. मी विचारलं, पेशंटची बायको मग कुठे झोपणार, जिन्यात? माझा आवाज चढला असावा. अध्यक्षांनी घाईने सांगितलं की ती रीत केव्हाच मोडली आहे, फक्त कोणी तसं जाहीर केलं नाही. मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं की साइटवर सगळ्यात वर हेच जाहीर करायचं.

विरारकर सभासद मिश्कीलपणे म्हणाला की ताई, एवढा विचार कसला करता, एआयला सांगितलं की मिनिटात करून देतं. आणि त्याने खरंच बसल्या बसल्या मोबाइलवर करून दाखवलं. वर समुद्र, वाकडे माड, खाली 'आमच्याविषयी', आणि त्याखाली बुकिंगचं कॅलेंडर, हिरवे दिवस मोकळे, लाल दिवस भरलेले. मी माडांना मनापासून हसले. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे, समुद्र बघायचा तर एसटीने दीड तास.

मग मी माझी साइट केली, आणि तिच्यावर फार खूश होते. एकही फोटो नाही, कारण ती उघडणारा माणूस एसटी स्टँडवर, रेंज येईल न येईल अशा जागी, काच तडकलेल्या मोबाइलवर उघडणार होता. अक्षर मोठं, कारण माझ्या आईला चष्म्याशिवाय वाचता येईल तोवर मी ते वाढवत नेलं. बुकिंगसाठी मी आधी हॉटेलांच्या साइटना वापरलेलं तयार कॅलेंडर जोडलं. ते सुरू करायचं तर आधी एकूण जागा किती हा आकडा भरावा लागतो, त्याशिवाय ते पुढे जात नाही. मी आजोबांना फोन करून विचारलं की खोलीत माणसं किती मावतात.

"ता आधी कसा सांगू?" ते म्हणाले. "जितकी येतली तितकी मावतली."

मला राग आला. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर नाही, याचा मला नेहमी येतो. मी आपल्या मनाने सहा लिहिलं आणि पुढे गेले.

गावच्या किराणा दुकानात आणि आरोग्य केंद्रात कागद लावले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग एक आला, त्याने गावी जाऊन सांगितलं, मग दोन आले. त्यानंतर माझी सकाळ चहाच्या आधी ते कॅलेंडर उघडून सुरू व्हायला लागली. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण कोणी बटण दाबलं म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. एका आठवड्यात तर सलग चार दिवस लाल झाले. खोली भरली! मी त्या लाल चौकोनांचा फोटो काढून अध्यक्षांना पाठवला. सभेत दाखवायला याहून चांगला पुरावा नव्हता.

त्याच आठवड्यात, नोंदी कशा बघायच्या ते अध्यक्षांना शिकवायला मी खोलीवर गेले होते. सहा माणसं होती, आजोबा सातवे. दुपारची वेळ. तेवढ्यात दारात आणखी एक नवरा-बायको आली. खोलीतल्याच एकाला ती इस्पितळात औषधांच्या रांगेत दिसली होती, बोलण्यावरून गाववाली आहेत हे कळल्यावर तो त्यांना जवळजवळ ओढत घेऊन आला होता. नवऱ्याच्या हातात एक्स-रेची पिशवी, उभं राहायची ताकद नव्हती. कोणी कोणाला काही विचारलं नाही. एकाने वळकटी गुंडाळली, दुसऱ्याने पिशव्या एकावर एक रचल्या, आजोबांनी आपली खाट उचलायला लावून गॅलरीत टाकली, कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून बाईसाठी आडोसा झाला. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर आजचा दिवस लाल होता आणि समोर दोन माणसांची जागा झाली होती.

मी त्या बाईला विचारलं की तुम्हाला खोलीचं माहीत नव्हतं का.

"म्हायत होता," ती म्हणाली. "मोबाइलात लाल दिसला. म्हटला नको, उगाच कोणाक त्रास कित्याक."

दोन रात्री ती दोघं इस्पितळाच्या भिंतीला टेकून झोपली होती. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, मी विचारलं म्हणून सांगत होती. मला रडू आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले.

घरी येताना सगळा राग मी त्या तयार कॅलेंडरवर काढला. बस प्रभादेवीला पोचेपर्यंत तो निवळला, कारण कॅलेंडरचा काही दोष नव्हता. ते हॉटेलात जन्मलं होतं. हॉटेलात खोल्या मोजलेल्या असतात आणि त्या भरल्या की 'नाही' म्हणणं हाच प्रामाणिकपणा असतो. ते 'नाही' शक्य तितक्या सभ्यपणे म्हणण्याची ती सगळी कारागिरी आहे, आणि मी ती अनेकदा अभिमानाने केली आहे. प्रत्येक तयार हत्यारात, ते जिथे घडलं तिथली सवय असते, आणि आपण ते दुसरीकडे नेलं की सवयही सोबत येते. एआयने मिनिटात केलेल्या पानावरही तेच लाल-हिरवे चौकोन होते. त्याचे माड काढून टाकले तर त्याचं आणि माझं पान सारखंच होतं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी फक्त माड वगळले होते.

दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर काढून टाकलं. मग प्रश्न आला की त्याजागी काय. कधीच 'नाही' न म्हणणारं पान कसं करतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कुठे नमुना मिळेना. मी चार-पाच दिवस कागदावर नुसत्या रेघोट्या ओढल्या. हे दिवस मला आवडतात, जरी त्या वेळी मी घरच्यांवर खेकसत असते. हळूहळू लक्षात आलं की आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो. जागा आहे का, हा येणाऱ्याचा प्रश्नच नाही, तो आमचा आहे. येणाऱ्याला फक्त एवढंच विचारायचं की कोण येताय, कधी, पेशंटला जिना चढवेल का, पथ्य काय, दादरला पहाटे उतरलात तर न्यायला कोणी हवं का. खाली एकच बटण, 'आम्ही येतोय'. ते दाबलं की 'या, वाट बघतो' एवढंच उत्तर आणि चाळीचा पत्ता.

उरलेलं सगळं पडद्याआड गेलं. खोलीत फारच दाटी झाली तर लालबाग, परळ आणि दादरच्या गाववाल्यांच्या मोबाइलवर निरोप जातो, एक माणूस आजच्यापुरता कोण नेईल? ज्याला जमेल तो 'मी' म्हणतो. बहुतेक वेळा इस्पितळात न जाणारी, गावाहून नोकरीच्या इंटरव्ह्यूला आलेली मुलं हलवली जातात आणि पेशंट खोलीत राहतात. हे निरोपाचं जोडकाम विरारकर सभासदाने केलं, दोन रविवार घालवून. लाल चौकोनाची गोष्ट मी त्याला सांगितली होती. ऐकल्यावर तो म्हणाला की कोड पाठवा, मी बघतो. प्रस्ताव मात्र मागे घेणार नाही, तो तत्त्वाचा प्रश्न आहे, असंही त्याने सांगून ठेवलं. मी म्हटलं, खुशाल मांड.

नवं पान दिसायला अगदीच साधं आहे. माझ्या कामाच्या नमुन्यांत मी ते ठेवलं, तर एका होतकरू डिझायनरने विचारलं की ताई, हे अर्धवट आहे का. मला गंमत वाटली. त्या पानावर मी जितकी मेहनत घेतली तितकी झगमगीत पानांवर कधी घेतली नाही. सगळी मेहनत काय काढून टाकायचं हे ठरवण्यात गेली, आणि काढून टाकलेलं कोणाला दिसत नाही.

वार्षिक सभा नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी खोलीवर ठेवली होती. मी पोचले तर सभासद जिन्यात उभे. मला वाटलं आजोबांनी कुलूप उघडलेलं नाही. वर जाऊन बघते तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीकडेने पेशंट झोपलेले, मधल्या जागेत स्टोव्हवर पेजेचं भांडं, चादरीच्या आडोशामागे कोणीतरी बाई साडी बदलत होती, आजोबांची खाट गॅलरीत होती आणि तिच्यावरही दुसरंच कोणीतरी होतं. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि सभा जिन्यातच सुरू केली. काही जण पायऱ्यांवर बसले, काही कठड्याला टेकले, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू 'एक्स्क्यूज मी' करत आमच्यामधून बादल्या घेऊन जात होते.

प्रस्ताव मांडायची वेळ आली. विरारकर सभासदाने खिशातून कागद काढला, उलगडला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "मंडळाची घोडपदेव येथील खोली बऱ्याच काळापासून विनावापर पडून असल्यामुळे…"

आतून एक बाई दारात आली. आम्ही कोण, कशासाठी जमलोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला जरा," ती म्हणाली. "रात्रभर कळ होती, आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

तो वाचायचा थांबला. त्याने कागदाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात तिला सॉरी म्हणाला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि अध्यक्षांना खुणेनेच सांगितलं, पुढचा विषय घ्या. शाळेच्या छपरासाठी वेगळी वर्गणी काढायचं ठरलं, हिशेब मंजूर झाले, आभार मानले गेले, आणि हे सगळं आम्ही कुजबुजत केलं.