क्रम कोणी लावायचा?

लोकशाहीवर माझ्या भावोजींइतकं प्रेम करणारा आणि निवडणुकांवर त्यांच्याइतका चिडणारा दुसरा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात नाही, हे मी कुठल्याही नाक्यावर उभा राहून सांगायला तयार आहे. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. घर कामतघरला, आणि सारी हयात हायस्कुलात गणित शिकवण्यात गेलेली. गणित बोलतात ते छापील मराठीत आणि बाकी सगळं घरच्या बोलीत, त्यामुळे त्यांच्या एकाच वाक्यात 'बहुमताचा भ्रम' आणि 'न्हाय' गुण्यागोविंदाने नांदतात. मतदानाच्या दिवशी ते केंद्र उघडायच्या आधी रांगेत पहिले असतात आणि बाहेर येतात ते घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून. का, तर आत एकच बटण दाबायला मिळतं. दुसरा कोण आवडतो, तिसरा कोण आणि कोण डोळ्यांसमोर नको, हे कुणी विचारतच नाही, ही त्यांची जन्माची खंत.

ज्याला सर्वांत जास्त मतं पडली तो जिंकला, हे त्यांना मुळात मान्य नाही. एकदा गल्लीच्या गणपतीचा देखावा ठरत होता. अंतराळयानाला आठ मतं पडली, किल्ल्याला सात आणि समुद्राला सहा. यान जिंकलं म्हणून पोरांनी ढोलावर थाप मारली, तेवढ्यात भावोजी उभे राहिले. त्यांनी उरलेल्या तेरा जणांना एकेक करून विचारलं, आणि निघालं असं की त्या तेराही जणांना यान नकोच होतं. किल्ल्यावाल्यांना समुद्र चालला असता, समुद्रवाल्यांना किल्ला. "म्हंजे जे सगल्यात जास्त लोकांना नको, त्येच तुमी आनताय," असं म्हणून त्यांनी फळा मागवला. आरतीचं तबक घेऊन उभी असलेली माणसं पाऊण तास तशीच उभी होती. त्या वर्षी समुद्राच्या काठावर किल्ला झाला आणि वर्गणीदारांपैकी कुणालाच तो कळला नाही.

शेअर रिक्षात बसले तरी स्वस्थता नाही. अंजूरफाट्याला ट्रकांची रांग लागली की डावीकडून जायचं, उजवीकडून की थांबायचं, यावर ते प्रवाशांची पसंती मागायचे, तीही क्रमवार. एका रिक्षावाल्याने शांतपणे गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "चाचा, आप उतर जाओ, फिर आराम से व्होटिंग करो." भावोजी उतरले. वर मला म्हणाले की माणूस हुकूमशाही वृत्तीचा हाय, पण ड्रायव्हर चांगला.

घरात तर रविवारच्या जेवणासाठी गुण देण्याची पद्धत होती. कोलंबी, बोंबील आणि चिकन. पहिल्या पसंतीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. सगळ्यांचे गुण मिळवायचे, ज्याचे जास्त ते शिजणार. चार रविवार लागोपाठ बोंबीलच जिंकले. ताईच्या सासूबाई शाळेची पायरी न चढलेल्या, पण ही पद्धत त्यांना पहिल्याच दिवशी उमगली होती. कोलंबी त्यांनाही आवडते, पण बोंबलांना टक्कर देणारी तीच, म्हणून त्या दर वेळी कोलंबीला मुद्दाम शेवटचा नंबर द्यायच्या. हे उघडकीला आल्यावर भावोजी रागावतील असं आम्हाला वाटलं होतं, पण ते आनंदाने वेडे झाले. जगभरच्या पंडितांनी जे कागदावर मांडलं ते माझ्या आयेने चुलीपाशी शोधलं, असं ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते. ताईने मात्र पाचव्या रविवारी कुणालाही न विचारता पिठलं केलं.

अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असावी, हे आता कुणाच्या हातात नसतं. माझी भाची, जिला आम्ही सगळे बायच म्हणतो, तिच्यासाठी तीन स्थळं आली आणि तिन्ही चांगली निघाली. कशेळीचा गोदामं सांभाळणारा, अंबाडीचा डॉक्टर, आणि तिसरा आपल्याकडचाच, पण नोकरीने कायमचा नागपूरला स्थायिक झालेला. बाय तिघांनाही भेटून आली. तिला विचारलं तर म्हणाली, मला तिघंही चालतील, तुम्ही ठरवा. मग घरात जी काय जुंपली! शेवटी भावोजींनी जाहीर केलं की मतदान घेऊ. नऊ मतदार. ते स्वतः निवडणूक अधिकारी, म्हणून त्यांना मत नाही. आणि बायने 'तुम्ही ठरवा' म्हटल्यामुळे तिलाही नाही. मनातून त्यांना कशेळी हवी होती, हे मला ठाऊक होतं. ट्रॅफिक असताना आणि नसताना स्कूटरवरून किती वेळ लागतो, ते त्यांनी तीनदा जाऊन मोजलं होतं. लेक चहाला येऊन परत जाऊ शकते एवढं अंतर, असं ते मला म्हणाले होते. पण अधिकाऱ्याने मन दाखवायचं नसतं, म्हणून बोलले नाहीत.

रविवारी दुपारी ओटीवर फळा लागला. सासूबाई आणि भावोजींचे दोन थोरले भाऊ यांनी अंतर बघून क्रम लावला: कशेळी, अंबाडी, नागपूर. ताई आणि तिच्या दोन जावांना डॉक्टर पहिला हवा होता, नंतर नागपूर, आणि कशेळी शेवटी, कारण तिथे एका घरात चार जावा आणि जावांचा अनुभव तिघींनाही होता. तरुण पिढी म्हणजे दोन पुतणे आणि, वयाकडे न बघता, मी. आम्हाला नागपूरवाला फार हसवून गेला होता, म्हणून तो पहिला, मग कशेळीवाला, आणि शेवटी डॉक्टर, कारण त्याने पहिल्याच भेटीत आमच्या पोटांवर भाष्य केलं होतं.

भावोजींनी दोघादोघांची कुस्ती लावली. कशेळीने अंबाडीला हरवलं, सहा विरुद्ध तीन. अंबाडीने नागपूरला हरवलं, सहा विरुद्ध तीन. आता कशेळी नागपूरला सहज हरवणार असं सगळ्यांनी धरलंच होतं, तर नागपूरने कशेळीला हरवलं, सहा विरुद्ध तीन. भावोजींचे डोळे लकाकले. आयुष्यभर फळ्यावर शिकवलेली गोष्ट आज त्यांच्या ओटीवर चालून आली होती.

"मंग जिकला कोन?" सासूबाईंनी विचारलं.

"कोनच न्हाय, आये. तिघंबी जिकले नि तिघंबी हरले."

सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मोठे भाऊ म्हणाले, हे असलं गणित लग्नाच्या घरात नको. भावोजी रंगात येऊन समजावू लागले की यावर एकच उपाय: आधी दोघांची कुस्ती, मग जिंकणाऱ्याची तिसऱ्याशी. पण त्यात मेख अशी की ज्याला मागे राखून ठेवाल तोच शेवटी जिंकणार. म्हणजे जो क्रम लावेल तोच नवरा निवडेल, आणि म्हणून मी क्रम लावणं ही बेइमानी होईल. सगळ्यांनी मान डोलावली. कळलं कुणालाच नव्हतं. मला कळलं होतं, कारण दहावीला मी त्यांच्याच घरी राहून गणितात पास झालो होतो.

तेवढ्यात बाय चहा घेऊन बाहेर आली. कप वाटून झाले तशी ती फळ्यापाशी थांबली आणि वर न बघता म्हणाली, "बाबा, आधी कशेळी नि अंबाडी लाव. मंग जो जिकल त्याच्यासमोर नागपूर."

ओटीवर कुणाला त्यात काही वाटलं नाही. पोरगी घाई करतेय, एवढंच. पण भावोजींचा खडू हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची मान अजून खालीच होती आणि रिकाम्या तबकाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मला वाटलं, आता ते म्हणतील की हे नियमात बसत नाही, कारण खरंच बसत नव्हतं, आणि नियमासाठी त्यांनी गणपतीची आरती थांबवली होती. ते म्हणाले, "क्रम ठरला." मग त्यांनी स्वच्छ अक्षरात आधी अंबाडी खोडली, नंतर कशेळी.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, भावोजी, तिने काय केलं ते तुम्हाला कळलं नाही असं होणार नाही.

"तिला शिकवलं कोनी? मीच ना," ते म्हणाले. फळा पुसायला घेतला. मग म्हणाले, "नऊ जनांना इचारत बसलो मी. तिचं एकटीचं ऱ्हायलं व्हतं. तिनं दिलं."

लग्न थाटात झालं. हळदीला भावोजी एवढे नाचले की पुतण्यांना त्यांना धरून बसवावं लागलं. आता बायचा दर रविवारी नागपूरहून फोन येतो. आजीशी बोलते, आईशी तासभर बोलते, मग बाबांना मागते. ज्या माणसाला साधा रस्ता ठरवायला व्याख्यान लागायचं, तो फोनवर एवढंच विचारतो की जेवलीस का. ती हो म्हणते. भावोजी फोन कानाला तसाच धरून उभे राहतात, आणि शेवटी तिकडून तिलाच म्हणावं लागतं, "बाबा, ठेव आता."