एकदाही घरी न गेलेली पुस्तकं

“मॅडम, शुक्रवारपर्यंत हे कपाट रिकामं करा. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवायचीत तिथे.”

आमच्या वाचनालयाचे कार्यवाह जाधव सर माझ्या टेबलावर देवघेव रजिस्टर उघडून उभे होते. देवघेव म्हणजे कोणी कोणतं पुस्तक घरी नेलं, कधी परत आणलं, त्याची नोंद. सातपूरच्या एका कॉलनीत आमचं छोटं वाचनालय आहे आणि मी तिथली ग्रंथपाल. सर बोलत होते त्या कपाटात मी हट्टाने मागवलेली चाळीस पुस्तकं होती. आठवी ते बारावीच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या. कुणाचे आईवडील वेगळे राहतायत, कुणी नापास झालंय, कुणाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरलाय, अशा विषयांवरच्या.

“सहा महिन्यांत किती गेली?”

“एकही नाही.”

“मग झालं तर.”

रजिस्टर माझ्याच अक्षरातलं. वाद कशावर घालणार?

मंगळवारी दुपारी मी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली आणि तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला थबकले. न वाचलेलं पुस्तक उघडताना कुरकुरतं. ही पुस्तकं आपोआप उघडत होती. कोपरे दुमडलेले, एकाची शिवण सैल झालेली. एकात खूण म्हणून चॉकलेटचा कागद, दुसऱ्यात क्लासची पावती. कुणीतरी वाचत होतं, आणि बरंच वाचत होतं.

मी पुस्तकं परत कपाटात लावली. संध्याकाळी पाच वाजता वर्तमानपत्रांवर शिक्के मारायचं निमित्त करून हॉलमध्ये बसले. शाळा सुटल्यावर मुलं येतात, “प्रोजेक्ट आहे” म्हणतात, जाडजूड ज्ञानकोश काढून बसतात. त्या दिवशी जवळून गेले, तर पाचपैकी चार ज्ञानकोशांच्या आत एकेक कादंबरी होती.

कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या बोळकांडीत एक मुलगी उभ्यानेच वाचत होती. नववीतली सानिका. मला बघून तिने पुस्तक पाठीमागे धरलं.

“अगं, लपवतेस काय? वाचायलाच ठेवलंय. घरी ने की.”

“नको मॅडम. रोज दहा पानं वाचते मी. होईल पूर्ण.”

“होणार नाही. शुक्रवारी कपाट हलणार आहे.”

तिचा चेहरा उतरला. “पण यातली मुलगी आईला सगळं सांगणारे. कसं सांगते तेच वाचायचं राहिलंय.”

“म्हणून तर म्हणते, घरी ने.”

“रजिस्टरात पुस्तकाच्या नावापुढे सही करावी लागते ना. माझ्याखाली आमच्या शेजारचे काका सही करतात. ते वरचं सगळं वाचतात. मम्मीला विचारतील, सानिकाने हे असलं पुस्तक का नेलं? मग मम्मीला वाटेल, मी घरातलं बाहेर सांगते.” मग तिने पुस्तक पुढे धरलं. “आणि कव्हर बघा ना. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा, मध्ये रडणारी मुलगी. हे हातात घेऊन मी जिना चढू?”

मला हसू आलं. तीही हसली. घरी काय चाललंय, ते मी विचारलं नाही. तिला ग्रंथपाल हवी होती, चौकशी करणारी आणखी एक काकू नको होती.

पण मनात ओशाळले. बावीस वर्षं हेच रजिस्टर लिहितेय आणि ते चारचौघांत उघडं पडलेलं असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. पुस्तक वाचनालयात आलं की मिळणारा त्याचा नंबर. बुधवारपासून मी देवघेवीत फक्त तो नंबर लिहायला लागले. कोणत्या नंबराचं पुस्तक कोणतं, ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये. कव्हरवर उपाय म्हणून तपकिरी कागदाचा रोल आणला. तेव्हा सानिकाच म्हणाली, “मॅडम, फक्त आमच्याच पुस्तकांना घातलं तर लगेच कळेल.” बरोबर होतं. मग रहस्यकथांनाही कव्हरं घातली. पाच मुली दोन संध्याकाळ कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसल्या होत्या. प्रोजेक्ट म्हणून.

शुक्रवारी जाधव सर गाइडांची खोकी घेऊन आले. कपाटात अकरा पुस्तकं उरली होती.

“वा, बरंच रिकामं केलंत!”

“मी नाही सर, मुलांनी केलं.” मी रजिस्टर पुढे सरकवलं. दोन दिवसांत एकोणतीस नोंदी.

त्यांनी चष्मा वर केला. “हा पहिला नंबर कोणत्या पुस्तकाचा?”

“ते नाही सांगता येणार.”

“मलासुद्धा?”

“तुम्ही काय नेता, तेही मी कुणाला सांगत नाही.”

सरांनी उरलेल्यांतलं एक पुस्तक काढलं, चाळलं, मग उभ्यानेच वाचायला लागले. दहाएक मिनिटांनी म्हणाले, “नातू दहावीत आहे. जेवताना मान वर करत नाही. हे त्याच्या टेबलावर नुसतं ठेवून बघतो.” गाइडांसाठी जिन्याजवळ नवीन रॅक आलं. कपाट जागचं हललं नाही.

पुढच्या आठवड्यात सानिका पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिची आई सोबत होती. आईनेच पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, “असंच आणखी आहे का एखादं?” सानिका खिडकीबाहेर बघत होती, पण गालात हसत होती. मी दुसरं काढून दिलं. दोघींपैकी कोणाच्या कार्डावर लिहू एवढंच विचारलं.

तेव्हापासून एखादं कपाट हलवायचं ठरलं, की मी आधी मुलांपाशी जाऊन बसते. बैठकीत मात्र त्याला ‘वाचक सर्वेक्षण’ म्हणते. मुलांशी गप्पा मारल्या म्हटलं तर कोणी ऐकत नाही. सर्वेक्षण म्हटलं की इतिवृत्तात नोंद होते.