निळ्या पडद्यावरचं नाव

आष्ट्याच्या दीक्षाला विश्रामबागेतल्या द्राक्ष निर्यातीच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसवलं, ते साल अठ्ठ्याण्णव. सहा महिने कच्ची नोकरी, काम पटलं तर पक्की. शिकवायला शंभूराज होता. माणूस गोड, समजावून सांगायचा, कधी आवाज चढवायचा नाही. दीक्षाचा त्याच्यावर फार जीव बसला.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला, तसं शंभूराजनं एका फ्लॉपीवरून मशीनमध्ये ड्रायव्हर म्हणतात तसला एक छोटा प्रोग्राम घातला. डिस्क किती पळते, किती दमते ते मोजणारा. पडद्यावर वरखाली होणारी रेघ बघून साहेब खूश झाले, चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

त्यानंतर मशीन मरायला लागलं. कंटेनरच्या लांबलचक याद्या छापायला घेतल्या, की पडदा निळाशार आणि सगळं ठप्प. दुसऱ्या आठवड्यात शंभूराज म्हणाला, "निळं दिसलं की लगोलग रीसेटचं बटण दाब. वाचत बसू नगंस, डिस्क जळंल."

दीक्षा दाबायची. दिवसातून दोनदा, तीनदा. याद्या अडायच्या, गाड्या खोळंबायच्या. मशीनवर तीच बसायची, त्यामुळं खापर तिच्यावरच फुटलं. हिच्या हाताला गुण नाही, असं कचेरीत सगळे उघड बोलायला लागले. साहेबांनी सांगून टाकलं, शनिवारी ठरवू.

मंगळवारी प्रिंटरमध्ये कागद अडकला. दोन्ही हात आत घातलेले असतानाच पडदा निळा झाला. बटण दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं पहिल्यांदा तो वाचला. इंग्रजी बरंचसं डोक्यावरून गेलं. पण मधोमध एका फाइलचं नाव होतं आणि ते तिच्या ओळखीचं होतं. त्या फ्लॉपीवर शंभूराजनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

तिला आधी त्याचीच काळजी वाटली. बिचाऱ्याला माहीतच नसेल! साहेबांसमोर त्याची शोभा नको, म्हणून तिनं नाव चिठ्ठीवर उतरवलं आणि त्याला एकटं गाठून ती त्याच्या हातात दिली.

"बरं झालं, मला पहिल्यांदा सांगितलंस," तो म्हणाला. "कुणाला बोलू नगंस. मी बघतो."

बुधवारपासून मशीन एकदाही मेलं नाही. दीक्षा हरखून गेली. शनिवारी ती हसतच साहेबांच्या खोलीत गेली. शंभूराज आधीच तिथं उभा होता.

"तू मशीनमध्ये नको ते घातलं होतंस," साहेब म्हणाले. "शंभूराजनं शोधून काढून टाकलं. सोमवारपासून येऊ नकोस."

"साहेब, ते शंभूदादांनीच घातलंय! आवं दादा, सांगा की."

"मी घातलेलं कवाच काढलं, साहेब," शंभूराज शांतपणे म्हणाला. "हे हिचं हाय."

त्यानं नेहमीसारखाच, समजावणीचा आवाज लावला होता. साहेबांना तो लगेच पटला.

तिनं डबा, छत्री घेतली. तो जिन्यापर्यंत मागं आला. "माझं नाव गेलं असतं गं. तू हुशार हायस, तुला कुठंबी काम मिळंल."

"तुमाला कवापासनं ठावं व्हतं?"

तिचा डबा धरायला त्यानं हात पुढं केला.

"दादा, कवापासनं?"

"दुसऱ्या आठवड्यापासनं."

दीक्षा पायऱ्या उतरायला लागली. नोकरी गेल्याचं तिला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. महिनाभर याच माणसानं तिला रोज स्वतःच्याच हातानं पुरावा पुसायला लावला होता, आणि ती त्याला रोज विचारत होती, "दादा, बरोबर दाबलं न्हवं?"