मामा ओके

कुलपांच्या कारखान्यात तिला सगळे बाणताई म्हणायचे. कागदोपत्री तिचं पद ‘कार्यपद्धती सुधारणा’ असं होतं, पण एवढं लांबलचक म्हणायला कोणाला सवड? भिंतीवर खाकी कागद चिकटवायचा, त्यावर चौकटी काढायच्या आणि एका चौकटीतून दुसरीकडे बाण सोडायचे, हा तिचा उद्योग. पितळ आत आलं की पुढे कोणाच्या हातात जातं, कुठे उगाच पडून राहतं, हे ती मालाच्या मागे मागे फिरून बघायची. “चुकतं कोण ते मी शोधत नाही, काम कुठे थांबतं ते शोधते,” असं प्रत्येकाला समजावायची. तरी सुरुवातीला ती दिसली की लोक घाईघाईने हातात काहीतरी धरायचे.

घरीही तेच. सकाळी बाथरूममध्ये कोणी कधी जायचं याच्या चौकटी तिने फ्रिजवर चिकटवल्या, तेव्हा आईने हात जोडले. “उद्या लग्न झालं तर नवऱ्याच्या कपाळावरसुद्धा बाण काढशील!”

“सरळ चालला तर नाही काढणार.”

“भाची कोणाची आहे!” आतून मामा ओरडला. बाथरूममध्ये त्याचा नंबर पहिला लागला होता, म्हणून तो खूष होता.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मेव्हणा गेल्यावर बहिणीला आणि भाचीला तो आपल्या घरी घेऊन आला. स्वतःचं लग्न ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता राहूनच गेलं. भाचीला सायकल त्याने शिकवली, गणितं त्याने शिकवली आणि बऱ्यापैकी चुकीची शिकवली. कारखान्यात कुलपं तपासायचं काम त्याचं. किल्ली फिरवायची, खटका कानाने ऐकायचा, मान हलवायची. लहानपणी ती त्याचा डबा घेऊन जायची आणि फाटकातूनच “मामाऽ!” अशी हाक मारायची. बघता बघता अख्खा कारखाना त्याला मामा म्हणायला लागला.

पुढे तपासणीचं मशीन आलं. ते प्रत्येक कुलूप तपासायचं, न थकता आणि न चुकता. मामाचा चेहरा उतरलेला बघून जुने मालक भर कारखान्यात म्हणाले, “मशीन तपासेल ते तपासेल. पण मामांचा हात लागल्याशिवाय माल दाराबाहेर जायचा नाही!” टाळ्या झाल्या. दारापाशी मामाचं टेबल लागलं. प्रत्येक लॉटमधलं एक कुलूप त्याच्यासमोर यायचं, तो किल्ली फिरवायचा, मान हलवायचा आणि लॉट पुढे जायचा. निवृत्तीनंतरही तो रोज या एवढ्यासाठी येत राहिला.

इथवर ठीक होतं. पण नंतर कॉम्प्युटर आला. तो बसवणाऱ्याने पॅकिंगच्या काकूंना विचारलं, माल बाहेर जाण्याआधी काय काय होतं? काकूंनी इमानेइतबारे सगळं सांगितलं, त्यानेही इमानेइतबारे सगळं भरलं. तेव्हापासून पडद्यावर एक छोटी पेटी आली: ‘मामा ओके’. तिच्यावर खूण झाल्याशिवाय माल बाहेर न्यायचं चलन निघेना. नव्या पोरांना तर ते एखाद्या यंत्राचं नाव वाटायचं.

यंदा दरवाजे बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, शेवटचं सांगितलं: आणखी एकदा उशीर झाला तर आम्ही दुसरीकडे बघू. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर अर्ध्या कारखान्याला काम उरलं नसतं. जुन्या मालकांची मुलगी आता कारभार बघायची. तिने बाणताईला बोलावलं. “माल अडतो कुठे, तेवढं शोध.”

ती मालाबरोबर फिरली. ओतकाम वेळेत होतं, पॉलिश वेळेत होतं, मशीनही वेळेत होतं. आणि दारापाशी, मामाच्या टेबलाशेजारी, तयार मालाची खोकी छातीइतकी रचलेली होती. मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. त्याआधी गुडघा होता, त्याआधी दात.

तिने कागदावर सगळ्या चौकटी भरल्या आणि शेवटून दुसरी कोरी ठेवली. मीटिंगला त्या कोऱ्या चौकटीकडे सगळ्यांनी बघितलं आणि मग सगळे पंख्याकडे बघायला लागले. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

“माझ्या वडिलांचा शब्द आहे तो,” मालकीणबाई म्हणाल्या. “मी नाही मोडणार.”

“माझ्याकडे तर बघूच नका,” काकू म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या रांगा सांभाळल्या होत्या. आणि बाणताई, घरचं माणूस आहे, घरीच सांग ना.”

“घरचं आहे म्हणूनच सांगवत नाही.”

“मग जाऊ दे गिऱ्हाईक,” काकू म्हणाल्या आणि स्वतःच घाबरल्या.

रविवारी दुपारी मामा वाटाणे सोलत बसला होता. ती समोर बसली आणि तीही सोलायला लागली. आधी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, मग चष्म्याचं विचारलं, मग वाटाण्यांचं.

“ताकाला जाऊन भांडं लपवतेस,” मामा म्हणाला. “बोल.”

“मामा, माल तुझ्या टेबलापाशी अडतो.”

त्याचे हात थांबले.

“मशीन सगळं तपासतं. तुझी खूण नुसती... मान म्हणून ठेवली होती. आम्हाला वाटलं, काढली तर तुला वाईट वाटेल.”

“म्हणून ठेवली?”

“हो.”

“आणि मी मेला तिथे रोज कशाला जात होतो?” मामाने शेंग ताटात आपटली. “गुडघा धरून, रिक्षा पकडून! मला वाटायचं, मी नाही आलो तर तुमचं अडेल!”

“आमचं तुझ्यामुळेच अडत होतं रे.”

आई दारातून बघत होती. “भीड भिकेची बहीण,” ती म्हणाली. “अख्खा कारखाना एका माणसाचं मन राखतोय आणि तो माणूस अख्ख्या कारखान्याचं. शाबास!”

भाचीला हसू फुटलं, पण मामा हसला नाही. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. ताटातले वाटाणे अर्धेच राहिले. संध्याकाळी आला आणि जेवून सरळ झोपायला गेला. उरलेले वाटाणे तिने एकटीने सोलले. गिऱ्हाईक टिकलं आणि हा माणूस दुरावला, तर त्या टिकण्याला काय करायचं?

सोमवारी तो तिच्याआधी तयार होऊन उभा होता. कारखान्यात गेल्या गेल्या सरळ कॉम्प्युटरवाल्यापुढे खुर्ची ओढून बसला. “ती माझी पेटी काढ.”

“निघत नाही, मामा,” तो चाचरत म्हणाला. “अडकलेले लॉट आहेत. त्यांच्यावर तुमची खूण झाली तरच...”

“म्हणजे मला काढायलाही मीच लागतो?” मामा म्हणाला. “दे इकडे.”

तो एकेका लॉटवर खूण करत गेला. मागे काकू डोळ्यांना पदर लावून उभ्या. “उद्यापासून येणार नाही तुम्ही?”

“येईन की. चहाला येईन, भांडायला येईन. कामाला नाही.” मग मागे न बघता भाचीला म्हणाला, “तू मला आधीच सांगायला हवं होतंस. चारचौघांनी मिळून माझी कीव केलीत, त्याचा राग आहे मला. टेबलाचा नाही.”

“चुकलंच माझं.”

“हं,” मामा म्हणाला आणि शेवटची खूण केली.

दुसऱ्या दिवशी दरवाजेवाल्यांचा माल भरून झाला, तरी ट्रक जागचा हलेना. ती बाहेर धावली. ड्रायव्हर इंजिन बंद करून निवांत बसला होता.

“अहो, निघा ना!”

“मामांचं व्हायचंय ना अजून?”

“मामा झोपलेत घरी.”

“या वेळेला?” ड्रायव्हर दचकला. “बरे आहेत ना?”

“बरे आहेत. निघा तुम्ही.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मामा पेपर वाचत होता. ती पाणी प्यायली, तिने पाय धुतले, उगाच खिडकी उघडली.

“गाडी वेळेवर गेली?” पेपराआडून आवाज आला.

“वेळेवर गेली.”

“बरं झालं,” मामा म्हणाला. त्यानंतर बराच वेळ त्याने पान उलटलं नाही. मग खुर्ची थोडी सरकवून तिला शेजारी बसायला जागा केली.