तेरेखोलला न पोचणारी गाडी

शुभा, अशी जवळ ये बघू, आणि हातातला फोन जरा पालथा ठेव. बाराव्याला आलीस, तेराव्याला गेलीस, आणि हायवेला लागल्यावर मला फोनवर सांगतेस काय, तर "आत्ये, ती पडवीतली गाडी भंगारात देऊन टाकूया, उगीच सडतेय." अगो, बापाला जाऊन असे कितीसे दिवस झाले! लोक म्हणतील, म्हातारी भाचीला पेपरातून ओरडते. ओरडते तर ओरडते. फोनवर तू टिकत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

दत्ता म्हणजे माझा धाकटा भाऊ, या शुभाचा बाप. मे महिन्यात गेला. मी इथे डिचोलीत अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते, हात कोपरापर्यंत लाल. शेजारचा पोरगा फोन घेऊन धावत आला, आणि त्या लाल हातांनी फोन धरू कसा या विचारातच मी उभी राहिले... पलीकडून कोण काय बोललं ते आठवत नाही. फोनवर पडलेला डाग मात्र आठवतो.

दत्ता खाणीवर ट्रक चालवायचा. खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, रिकामा ट्रक पळवत परत यायचं. खेपेवर पगार, त्यामुळे सगळे ट्रकवाले एकमेकांच्या पाठीला लागल्यासारखे धावायचे. घरी यायचा तो भुवयांपर्यंत लाल धूळ घेऊन. त्याच वर्षांत त्याने कुणाचीतरी जुनी निळी गाडी घेतली आणि जाहीर केलं, "बाय, आयताराक आपण तेरेखोलला जायचं." रविवारी किल्ला बघायचा, नदीपलीकडचा. मी कधी बघितलेला नव्हता. नवऱ्यामागे घर आणि देऊळ यापलीकडे माझं जाणं तरी कुठे होतं?

गोव्याला राज्य मिळालं त्याच्या आगेमागेचे ते दिवस. पुढे दत्ता नि मी, मागे तुझी आई, आणि तिच्या मांडीवर तू. सरळ रस्ता सोडून हा आपला लाटंबार्सेच्या वाटेने. गावाबाहेर काजूच्या भट्टीचा वास आला की ब्रेक. "बाय, वास येता मगो?" भट्टीवाल्याकडून कोपभर नीरो, काजूचा ताजा गोड रस, घ्यायचा आणि फणसाच्या मुळावर बसून प्यायचा. भट्टीवाला कोण, पोरं किती, गाय व्याली का... सगळं विचारून होईपर्यंत ऊन वर यायचं.

मग दोडामार्गला जनाकाकी. झावळ्यांच्या आडोशाखाली चूल, कांदाभजी आणि मोठ्या तोंडाची बाई. पहिल्यांदा आम्ही तिथे थांबलो ते तू रडत होतीस म्हणून. तिने तुला उचललं, कोऱ्या चहात बुडवून पावाचा तुकडा दिला आणि तू गप्प. त्यानंतर ते हॉटेल चुकवायची दत्ताची छातीच नव्हती. दरवेळी ती विचारायची, "खंय चललास?" "तेरेखोलाक." एकदा झारा हातात तसाच धरून म्हणाली, "मागच्या आयतवाराकय थंयच चललं हुतंस मां? तेरेखोल फुडे फुडे सरकता की काय?" तुझी आई इतकी हसली की भजी घशात अडकली.

पेडण्याला चहाच्या दुकानात त्या दिवसांत एकच विषय, मराठी की कोकणी. एकजण टेबलावर हात आपटून, मराठीच हवी म्हणून, कोकणीतून सांगतोय, "हांव सांगतां तुका, आमकां मराठीच जाय!" आणि कोकणीवाला त्याला खोटं पाडायला मराठी पेपर उघडून मोठ्याने वाचतोय. दोघांनी दत्ताला पकडलं, "तूं सांग रे!" हा दुकानदाराला म्हणाला, "दोगांयक एकेक चा दी. भांडून गळो सुकता." तेही हसले, आणि आमची आणखी अर्धी दुपार तिथेच गेली.

केरीला नदीच्या धक्क्यावर पोचलो तर ओहोटी. फेरीबोट रेतीला टेकलेली, पाणी भरल्याशिवाय हलणार नाही. पलीकडे किल्ला, उतरत्या उन्हात. तुझी आई वैतागली. मी परतीच्या वाटेत दत्ताला विचारलंच, "अरे, मुद्दाम करतोस काय?" तो गाडी हळूच चालवत होता, एक हात खिडकीबाहेर. म्हणाला, "बाय, सगळो सप्तक हांव पोचपाखातीर धांवतां. एक दीस तरी पोचूंक नाका गो." सबंध आठवडा हा नुसता पोचायसाठीच धावायचा, एक दिवस तरी त्याला पोचायचं नव्हतं.

कितीदा निघालो असू. कधी ओहोटी, कधी अंधार, कधी जनाकाकीकडेच जेवण. तेरेखोल राहिलंच. मग तू शिकायला गेलीस, तुझी आई गेली, खाण थांबली, गाडीही थांबली, माझ्या पडवीत.

या चैत्रात दत्ता काठी टेकत माझ्याकडे आला. म्हणाला, "चल, बस." कुठे, तर पडवीतल्या त्या गाडीत! मी चहाचे दोन पेले घेऊन बाजूला बसले. काचेवर कोंबडीने पिसं सोडलेली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होता. "लाटंबार्से आलं," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जनाकाकी असती तर?" मी म्हटलं, "असती तर ओरडली असती, चहा निवला म्हणून." पेडण्यापर्यंत आलो आणि त्याला झोप लागली. मी उठवलं नाही.

परवा शेजारचा म्हणाला, "आजी, तासाभरात तेरेखोलला पोचवतो, नवा रस्ता झालाय." पोरगा चांगला आहे. पण मी नको म्हटलं.

तर शुभा, भंगारवाल्याला पाठवू नकोस. त्या सीटला अजून दत्ताच्या पाठीचा खळगा आहे, मी संध्याकाळी चहा घेऊन बाजूला बसते. तूच ये. चवथीच्या आधी ये, तुझी गाडी घेऊन. लाटंबार्सेच्या वाटेने निघू, तू चालव, पावसात भट्ट्या बंद असतील, पण कुठे थांबायचं ते मी सांगेन. घाई असेल तर येऊ नकोस... नाही गो, घाई असली तरी ये. पण लवकर ये.