खानावळीचा पंखा गप्प झाला तेव्हा

सुरतेच्या उधन्यात आमची खानावळ होती तेव्हाची गोष्ट. नव्वदीची सुरुवात असेल. पुढच्या खोलीत बाकं आणि एक लांबलचक टेबल, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत तो मेला पंखा. धूर बाहेर ओढायचा. कुठल्याशा बंद पडलेल्या मिलमधून भंगारात आलेला, आवाज असा की डोकं उठावं. पण शेवभाजीची तिखट फोडणी पडली की त्याच्याशिवाय गत नव्हती. नाहीतर खोकून खोकून लोक ताट सोडून पळाले असते. जेवणारे सगळे आमच्या खानदेशातले, कापडाच्या लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात राबणारे. आमचे हेसुद्धा आधी बरीच वर्षं लूमवरच होते. मग ते काम सोडून माझ्याशेजारी भाकरी थापायला उभे राहिले. लोक हसायचे. हसेनात का! त्यांची भाकर माझ्यापेक्षा गोल व्हायची.

त्या पंख्यापुढे बोलायचं म्हणजे ओरडायचं. "मीठ द्या!" ओरडून, "वरण उतरवा!" तेही ओरडून. हे नंदीबैलासारखी मान डोलवायचे, आणि मीठ मागितलं की कधी मीठ मिळायचं, कधी हळद. मी म्हणायचे, जळो तो पंखा.

अशात मला दिवस गेले. तिसऱ्यांदा. आधीची दोन राहिली नव्हती, आणि दोन्ही वेळा सगळ्यांना सांगून, कौतुक करून घेऊन झालं होतं. मग तीच माणसं हळहळायला यायची, आणि ते सोसायचं नाही. म्हणून ठरवलं, या खेपेला चौथा महिना लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. फक्त ह्यांना सांगायचं, कारण एकटीनं ती भीती घेऊन फिरणं मला जमत नव्हतं. पण सांगायचं कुठे? वर एकच खोली, त्यात सासूबाई, त्यांच्यापुढे आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही, आणि त्यांचे कान मांजरीचे. पुढे जेवणारी माणसं. आम्ही दोघंच असायचो ते चुलीपाशी, आणि तिथे तो पंखा. ही काय बोंबलून सांगायची गोष्ट आहे?

मी ह्यांच्या मागे लागले, पंख्याचं काहीतरी करा. हे टाळायचे. "चालू दे ना, कोनले खाई ऱ्हायना तो?" शेवटी पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या गुजराती बा धावून आल्या. पंख्याचं तोंड त्यांच्या ओट्याकडे होतं. "बेन, आ घोंघाट बंध करो ने, मारु माथु फाटी जाय छे!" मी मनात म्हटलं, बा, तुमच्या तोंडात साखर पडो. त्याच निमित्तानं मोटरवाल्याला बोलावून आणलं.

पात्यांवर तेलाची चिकट पुटं चढली होती, एका बाजूला जास्त, म्हणून पंखा डगडगत फिरायचा. सोडा घातलेल्या कढत पाण्यानं मी स्वतः पाती खरवडली. मोटरवाल्यानं वाकलेलं पातं सरळ केलं, तेल दिलं, लोखंडी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालून बोल्ट आवळले. बटण दाबलं. पंखा फिरत होता, धूर जात होता, आणि आवाज? नुसती गुणगुण. तव्यावर भाकर पडल्याचा आवाज त्या घरात मला पहिल्यांदाच ऐकू आला. मी तर हरखूनच गेले. हे मात्र तोंड पाडून पंख्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढे पंगत बसली होती. ह्यांची पाठ माझ्याकडे, हात पिठात. मी जवळ गेले, पदर सावरला आणि हळूच म्हटलं, "अहो, मला दिवस गेलेत."

ते भाकर थापत राहिले. मी पुन्हा म्हटलं. तरी थापणं चालूच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन गमावलेली बाई तिसऱ्याचं सांगते आहे आणि हा माणूस मूग गिळून उभा! खांदा धरून वळवलं. ते दचकले. माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं, रोजच्यासारखी मान डोलवली आणि मिठाची बरणी माझ्या हातात दिली.

अगं बाई. इतकी वर्षं मी त्या पंख्याला शिव्या घालत होते.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी विचारलं. ते नुसते माझ्या ओठांकडे बघत होते, चुकलेल्या पोरासारखे. मग मात्र मला राहवलं नाही. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "मला दिवस गेलेत!"

पुढच्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. जिन्यातून सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल वं माय!" ओट्यावरून बांनी "शुं थयुं?" म्हणून विचारलं. ज्यांना कळू द्यायचं नव्हतं त्या सगळ्यांना कळलं. आणि ह्यांनाही कळलं. हे पिठाच्या पोत्यावर मटकन बसले आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागले.

"कान लूमवरच गये," ते म्हणाले. "तुले कसं सांगू? पंखा चालू ऱ्हाये तवय कोनलेच ऐकू नही ये. तवय मी बी सगळासारखा."

रागवायला हवं होतं, पण मला इतकी माया आली त्यांची. शेजारी पोत्यावर बसले आणि त्यांचा पिठाचा हात घेऊन माझ्या पोटावर ठेवला. तव्यावरची भाकर करपली. त्या दिवशी पंगतीत कुणी भाकर मागितली नाही.

मुलगी झाली. आता ती तिच्या संसारात आहे. कुणाला काही सांगायचं झालं तर ती अजूनही आधी समोर येऊन उभी राहते, उजेडात, चेहरा नीट दिसेल अशी. सासरच्यांना वाटतं, केवढी धीट आहे ही, डोळ्याला डोळा देऊन बोलते. धीट कसली! बापाशी बोलत बोलत बोलायला शिकलेली पोर ती.