दोन वेळची चौकशी

माणसाचा मूड नुसत्या चार अक्षरांवरून ओळखणारा माझ्या मामांसारखा माणूस अख्ख्या संगमनेर तालुक्यात नव्हता, आणि तालुक्याबाहेर कुणी असलाच तर त्यानं मामांकडे शिकवणी लावावी. मामा दूध संघात फॅट तपासायला होते. जन्मभर लोकांच्या कॅनमधलं पाणी पकडून निवृत्त झाले, तेव्हा मामी नुकत्याच गेलेल्या, मूलबाळ नाही, आणि तपासायला दूधही नाही. मग त्यांनी माणसं तपासायला घेतली. शेजारी हसत नमस्कार करून पुढे गेला की मामा हळूच म्हणायचे, "पानी हाय रं. घरात भांडून आलाय." आणि तो खरंच भांडून आलेला असायचा!

नव्वदचं दशक संपता संपता गावात इंटरनेट कॅफे निघाला. मी मामांना गंमत म्हणून नेलं, आणि तिथल्या पडद्यावरच्या गप्पांत त्यांना एक मित्र मिळाला. मूळचा सुप्याकडचा, कॅनडातल्या कारखान्यात नोकरीला, एकटाच राहणारा. मामा एका बोटानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. एका ओळीला माझा एक चहा संपायचा, पण दोघांचं मेतकूट असं जमलं की मी तिथे नुसता स्कूटरवाला उरलो.

एके दिवशी त्या मित्रानं एवढंच लिहिलं, "मी मजेत." मामांचा चेहरा उतरला. "रोज धा वळी लिवतो, आन् आज दोनच शब्द? ह्याचं फॅट उतरलंय." त्यांनी विचारलं, "जेवला का?" बऱ्याच वेळानं उत्तर आलं. नोकरी गेली होती, तीन दिवस तो कुणाशी बोलला नव्हता, आणि आता जगण्यात राम वाटत नव्हता.

मामांनी क्षणात ठरवलं. "दूध दोन टाइम गोळा करत्यात. एक टाइम चुकला की नासतं. ह्याची चौकशीबी दोन टाइम!" दुसऱ्या दिवसापासून कॅफेवाल्या बाईंना त्यांनी सकाळी सातला दार उघडायला लावलं. संध्याकाळची फेरी वेगळी. वादळात गावातली लाइन बंद पडली, तर हा माणूस एस.टी.नं नाशिकला गेला आणि लिहून आला, "जेवला का? आमच्याकडं आज शेपू." सात-आठ महिने हे चाललं. मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. मी स्वतः असा कुणासाठी आठवडाभरही टिकलो नसतो.

पुढे मित्राला काम मिळालं, दोस्त मिळाले. एकदा त्यानं लिहिलं, "मामा, घाईत आहे, नंतर बोलू." मामांनी ते दोनदा वाचलं आणि कॅफेत पेढे वाटले. "आता पानी न्हाई!"

त्यानंतर त्याची उत्तरं विरळ झाली, मग थांबली. मामा मात्र सकाळ-संध्याकाळ जाऊन बसायचेच. न राहवून मी म्हणालो, "मामा, तो विसरला तुम्हाला."

"विसरला म्हंजी बरा झाला. त्येच तर पायजे हुतं."

"मग तुम्ही कशाला येता रोज?"

मामा पडद्याकडे बघतच म्हणाले, "मी 'जेवला का' लिवलं की तो उलट लिवायचा, 'तुमी जेवलात का मामा?' दोन टाइम कुनीतरी इचारत हुतं रं."

वर्षभर रोज दोन वेळा मी त्यांना कॅफेत सोडत होतो, परत घरी आणत होतो. ते जेवले का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.